सगळ्या ओळी खऱ्या

मला वाटलं होतं, परत आल्यावर माझी गाठ घरांच्या टंचाईशी पडेल. सहा वर्षं दूर राहून मी शहरांचाच अभ्यास केला होता. माणसं जास्त आणि घरं कमी, हे सूत्र मला झोपेतही पाठ होतं. आले तेव्हा दिसलं ते वेगळंच. घरं होती. हव्या त्या गल्लीत, हव्या त्या मजल्यावर होती. पण मोबाईलवरच्या जाहिरातीतलं घर आणि दाराआडचं घर यांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती. फोटोत खिडकीतून ऊन सांडत असायचं आणि प्रत्यक्षात त्या खिडकीबाहेर, हात लांबवला तर लागेल अशी, शेजारच्या इमारतीची भिंत असायची. एकच दिवाणखाना मी चार निरनिराळ्या पत्त्यांवर पाहिला. चारही ठिकाणी तोच निळा पडदा, त्याची तीच घडी. दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे जवळ गेलं की डोंगरच नसायचा.

मला संताप आला. तो मला हवाच होता बहुधा. काहीतरी करायला म्हणूनच मी परत आले होते.

मावसभावाला घेऊन मी एक संकेतस्थळ सुरू केलं. तो संगणकाचं बघायचा, मी पायांचं. एका छापखान्याच्या वरची खोली आम्हाला मिळाली होती. खाली यंत्रं सुरू झाली की आमची टेबलं थरथरायची आणि त्याच्या कपातला चहा गोल गोल हलायचा. आमचे नियम मी ठरवले होते आणि मी त्यांना फार जपायचे. घर बघायला मी स्वतः जायचं. प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून फोटो काढायचे. टेपने मोजायचं. मग घरात उभं राहून मालकाची जाहिरात ओळ ओळ मोठ्याने वाचायची, आणि ओळ पटली तर मोठ्यानेच म्हणायचं, "खरं." परत आल्यावर दुसरी तपासणी: मावसभाऊ वाचणार, मी उत्तर देणार. सगळ्या ओळींना "खरं" मिळालं तरच हिरवी खूण.

"ताई, भिंतींना ऐकवून काय होणार आहे?" तो विचारायचा.

"मनात वाचलं की डोळा ओळ गाळतो," मी म्हणायचे. "आणि मोठ्याने खोटं म्हणायला जीभ अडखळते."

"तुझी अडखळते. जगाची नाही अडखळत."

आणखी एक नियम होता. खूण असलेलं घर दिलं गेलं की ते यादीतून जायचं, आणि तिथे राहणारं माणूस स्वतः "सोडलं" असं कळवत नाही तोवर त्या पत्त्यावर दुसरी जाहिरात आम्ही घेत नव्हतो. खूण नसलेल्या जाहिराती मात्र तशाच लटकत राहायच्या. त्या मालकांच्या होत्या, आम्ही त्यांना हात लावत नसू. तीनशेहून जास्त जाहिराती आल्या होत्या. खुणा एक्केचाळीस.

रुग्णालयातली एक सिस्टर आमच्याकडे आली ती रात्रपाळी संपवून, गणवेशातच. बरोबर तिची आई. आजींच्या हातात एक उशी होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

सिस्टरला दोनदा फसवलं होतं. पहिल्यांदा दार उघडलं तर आत दुसरंच कुटुंब जेवायला बसलेलं. दुसऱ्यांदा सगळं सामान गाडीत भरून, आईला ड्रायव्हरशेजारी बसवून ती पत्त्यावर गेली, तर त्या रस्त्यावरची घरं अठराव्या क्रमांकाला संपत होती आणि तिला जायचं होतं बाविसाव्यात. समोर भिंत. दोन तास ती त्या भिंतीसमोर फोन लावत उभी होती.

"आणि ही दर दहा मिनिटांनी विचारतेय, पोचलो का गं, पोचलो का," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते.

आजी विसरत होत्या. गेल्या वर्षी किल्ल्या, मग शेजारणीचं नाव, आता संध्याकाळ झाली की आपण कुठे आहोत तेही. सिस्टरच्या वसतिगृहात नातेवाईक चालत नसत, म्हणून रात्री ती आईला आपल्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर झोपवायची. मुख्य सिस्टरने पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, पण शनिवारपर्यंतच. शनिवारी सकाळी आठला गाडी ठरली होती. कुठे जायचं ते ठरलेलं नव्हतं.

"ज्यावर तुमची हिरवी खूण, ते मी घेते. बघायलाही जात नाही," सिस्टर म्हणाली. "खूप बघून झालं."

"शुक्रवार संध्याकाळपर्यंत घर देते," मी म्हणाले. शब्दच दिला. मावसभावाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण तोवर उशीर झाला होता.

त्या आठवड्यात मी दहा घरं पाहिली. दहाही खोटी. रात्री मला बसवत नव्हतं. मी चालत चालत जेवायचे. शुक्रवारी दुपारी, यादीच्या अगदी तळाशी, मला ती जाहिरात सापडली. फोटो एकच, तोही साधा. मजकूर मात्र असा:

दुसरा मजला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. जिन्याची सातवी पायरी हलते. स्वयंपाकघरात दुपारी दोन ते साडेतीन ऊन येतं, नंतर नाही. नळ बंद केल्यावर अकरा थेंब गळतात, मग थांबतो. बाहेरच्या खिडकीची खालची कडी लागत नाही. आतली खोली नऊ फूट सात इंच बाय आठ फूट. संध्याकाळी सव्वासहाला वीज जाते, सातला येते. आतल्या खोलीत एक बाई असतात. त्रास नाही.

मी ती तीनदा वाचली. इतके महिने मी ज्याच्यासाठी वणवण करत होते ते हेच होतं: स्वतःच्या घराची हलणारी पायरीसुद्धा न लपवणारा मालक. बाई म्हणजे त्यांची कोणी नातलग असेल, महिनाअखेर जाणार असेल, अशी मी समजूत करून घेतली. मालकांना फोन लावला, लागला नाही. जाहिरात मी सिस्टरला पाठवली.

तिचा लगेच फोन. "ही बाई कोण हो?"

"विचारते मी."

"विचारा. पण असली तरी असू दे. आमच्या वॉर्डात रोज रात्री कोणी ना कोणी असतंच. एक बाई काय जड आहे."

मी साडेपाचला पोचले. आभाळ भरून आलं होतं पण पाऊस नव्हता, उजेड राखेसारखा. तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान होतं आणि पत्त्याच्या रकान्यात लिहिल्याप्रमाणे किल्ली त्याच्याकडे होती. त्याने यंत्रावरून मान न उचलता ती खिळ्यावरून काढून दिली.

"वर कोणी असतं का?" मी विचारलं.

"मी वर जात नाही, ताई. गुडघे."

"ऐकू तर येत असेल."

त्याने यंत्रावरचा पाय थांबवला. "माझं यंत्र चालू असतं," तो म्हणाला, आणि पुन्हा चालू केलं.

सातवी पायरी हलली. मी मोठ्याने "खरं" म्हटलं आणि स्वतःशीच हसले.

घर उघडलं. बंद घरांना एक वास असतो, शिळ्या कापडाचा, पोपडे सुटलेल्या चुन्याचा. इथे तो नव्हता. इथे साबणाचा वास होता, कोमट, कोणीतरी नुकतंच न्हाऊन केस पुसत पलीकडच्या खोलीत गेल्यासारखा. फरशीवर धुळीचा पातळ थर होता आणि त्यावर फक्त माझी पावलं उमटत होती.

मी कामाला लागले. बाहेरच्या खोलीचे चार कोपरे, चार फोटो. खिडकीची खालची कडी लागली नाही. "खरं." स्वयंपाकघरात ऊन नव्हतंच, साडेतीन केव्हाच होऊन गेले होते. "खरं." नळ उघडला, बंद केला, आणि ओट्याला टेकून थेंब मोजत उभी राहिले. आठ. नऊ. दहा. अकराव्यानंतर नळ असा थांबला जसं कोणी तोंडाशी बोट लावलं. "खरं," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला जरा मोठाच वाटला.

अशा वेळी मला खरं तर आनंद व्हायला हवा होता. होतही होता. पण पाय एका जागी ठरत नव्हते. मी ओट्यापासून दारापर्यंत आणि दारापासून ओट्यापर्यंत उगीचच दोन खेपा घातल्या. दर वेळी वळताना वाटायचं, मी थांबते तेव्हाच आतल्या खोलीतलं काहीतरी थांबतं.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. ढकलून दिवा लावला. रिकामी खोली. एक खिडकी, तिला जाड काच. खाट नाही, खुर्ची नाही, खुंटीवर कापड नाही, बाई नाही. फक्त खिडकीखाली फरशीचा एक तुकडा स्वच्छ होता. सगळीकडे धूळ आणि तिथे नाही. मांडी घालून एक माणूस बसेल एवढा तुकडा.

मी फोटो काढले. चौथा कोपरा खिडकीच्या बाजूचा होता. त्या स्वच्छ तुकड्याला वळसा घालून मी गेले. का घातला, ठाऊक नाही. रिकाम्या जागेला कोणी वळसा घालत नाही.

मग टेप. धातूची, दहा हातांची, बटण दाबलं की सर्रकन गुंडाळली जाणारी. आठ फुटांची बाजू जुळली. मग टेपचं हुकाचं टोक मी खिडकीच्या चौकटीला अडकवलं आणि उलट्या पावलांनी दारापर्यंत आले. नऊ फूट सात इंच. "खरं." मी बटण दाबलं.

टेप परत आली नाही.

मला वाटलं, अडकली. हलका हिसडा दिला. टेप दोन बोटं सैल झाली आणि मग पुन्हा ताणली गेली, त्या बाजूने. कापड मोजताना समोरचं माणूस टोक धरून ठेवतं ना, तुमचं मोजून होईपर्यंत, तशी. जोर नव्हता त्यात. घाईही नव्हती.

आणि वीज गेली.

सव्वासहा. मला सवयीची लाज वाटते, पण त्या अंधारातही माझ्या तोंडून आपोआप आलं, "खरं." हसू यावं अशी गोष्ट. एका हातात टेप, दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलच्या उजेडात पुढची ओळ. मी ती वाचायला नको होती. पण मी ओळ कधी गाळली नव्हती. गाळायची नाही म्हणूनच तर सगळा खटाटोप.

"आतल्या खोलीत… एक बाई असतात," मी वाचलं.

मला दिसत तर काहीच नव्हतं. काय म्हणणार?

खाली शिंप्याचं यंत्र थांबलं होतं. टेप माझ्या हातात किंचित थरथरत होती आणि ती थरथर माझ्या हाताची नव्हती.

"खरं," टेपच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी म्हणालं.

बाईचा आवाज. म्हातारा, साधा. घाबरवणारा मुळीच नाही. शाळेत हजेरी घेताना आपलं नाव आलं की म्हणतात, तितकाच.

मी टेप सोडली. ती फरशीवर आपटायला हवी होती, सर्रकन जायला हवी होती. आवाज आला नाही. मी पळाले नाही. पळाले तर काहीतरी कबूल केल्यासारखं होईल असं वाटलं. चालत बाहेर आले, दार ओढलं, जिना उतरले. सातवी पायरी हलली तेव्हा कठडा घट्ट धरला.

शेवटच्या पायऱ्यांवर होते तेव्हा मोबाईल वाजला. घरमालक. दुपारी माझा फोन आला होता म्हणून त्यांनी उलट लावला होता. निवृत्त मोजणीदार, मुलीकडे दुसऱ्या गावी राहतात, आवाज सभ्य.

"काका," मी म्हणाले, "तुमच्या आतल्या खोलीत कोण आहे?"

ते म्हणाले, "तुम्ही आत्ता कुठे आहात? घरात?"

"जिन्यावर."

"तिथूनच बोला. वर जाऊ नका… आणि टेप? टेप मिळाली का परत?"

"नाही," मी म्हणाले.

"माझीही नाही मिळाली."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, मधे मधे पाण्याचे घोट घेत. आधी एक कुटुंब राहायचं तिथे. मुलगा, सून आणि मुलाची आई. दोघं कामावर गेले की आई दिवसभर एकटी. त्या आतल्या खोलीत खिडकीखाली बसू लागल्या. मग संध्याकाळी दोघं आले तरी तिथेच. जेवायला हाक मारली की ओ यायची, माणूस यायचं नाही. शेवटी मुलाने आईला उचलून नेलं.

"माझ्यासमोर नेलं. जिना उतरून, गाडीत बसवून. त्या आजही मुलाकडे आहेत. जेवतात, झोपतात, सगळं आहे. पण हाक मारली की ओ देत नाहीत, बाळ. त्या घरी कितीही हाका मारा. आणि इथे, या घरात मारली तर…"

"ओ येते," मी म्हणाले.

"पहिल्या खेपेला मुलगा स्वतः आला होता, राहिलेलं सामान न्यायला. चुकून आई म्हणून हाक मारली त्याने. सामान तसंच टाकून गेला."

"त्यांच्या आधी कोण होतं तिथे?"

"मी घेतलं तेव्हा रिकामी खोली होती. मोजली होती मी. रिकामी होती, एवढंच सांगता येईल."

"मग ही जाहिरात…"

"मी चारच ओळी लिहिल्या होत्या. मजला, खोल्या, न्हाणीघर, माप. बाकीच्या आपोआप आल्या. काढली की दुसऱ्या दिवशी परत दिसते. मी काही लिहिणारा माणूस नाही, मोजणारा आहे. पण मला सांगा, त्यात खोटं काय आहे? मी खोडू तरी काय?"

मी उत्तर देणार तेवढ्यात वरून, उघडंच नसलेल्या दाराच्या आतून, आवाज आला. मोठा नाही. शेजारणीने खिडकीतून आठवण करून द्यावी तसा.

"अगं… एक ओळ राहिली."

त्रास नाही. ती ओळ मी वाचली नव्हती. मालकांनी ते ऐकलं असावं, कारण त्यांनी लगेच फोन ठेवला.

किल्ली मी शिंप्याच्या खिळ्यावर अडकवली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पण एक खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. मी बसले नाही. त्या रात्री मी बसलेच नाही. माझ्या खोलीत मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली, पलंग एका भिंतीपासून दुसरीकडे ओढला. ही खोली म्हणजे आमची पहिली हिरवी खूण. मीच तपासलेली, मीच घेतलेली. दोन लहान भाग, रस्त्याकडे खिडकी, शेजारी एक निवृत्त बाई ज्या दिवसभर दार उघडं ठेवून विणत बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करतात. मला त्यांच्या चौकशांचा वैताग यायचा.

एकच विचार पुन्हा पुन्हा येत होता. माझं सगळं म्हणणं होतं की खरं सांगा, बाकी माणसं बघून घेतील. आणि ते घर तर शब्दन् शब्द खरं सांगत होतं.

सकाळी पावणेआठला मी रुग्णालयाच्या मागच्या फाटकाशी पोचले. गाडी भरलेली होती. आजी ड्रायव्हरशेजारी, मांडीवर उशी. सिस्टर दोरी आवळत होती.

"खूण दिसली नाही अजून," ती म्हणाली. "पण मी आईला सांगितलंय, आज पोचायचं."

"ते घर नको," मी म्हणाले. "तिथे खरंच कोणीतरी आहे."

"लिहिलंय की तसं."

"तुम्हाला कळत नाहीये. आतल्या खोलीत रिकाम्या जागेतून…" मी सगळं सांगितलं. टेप, आवाज, मुलाकडची आई. दिवसाउजेडी, गाडीच्या धुरात, ते सगळं फार पोकळ ऐकू येत होतं.

सिस्टरने शांतपणे ऐकून घेतलं. रात्रभर जागलेल्या माणसाची शांतता. मग म्हणाली, "मला लोकांनी खोटं सांगून भिंतीसमोर उभं केलं. इथे निदान आहे ते लिहिलंय. माझी आई रात्रभर एकटी असते, ताई. भिंतीशी बोलते. कोणी उत्तर देणारं असलं तर माझ्या आईला बरंच आहे."

"अहो, तेच तर…"

"तुमचंच वाक्य आहे ना, सगळ्या ओळी खऱ्या असल्या की विश्वास ठेवायचा?"

ते आमच्या पहिल्या पानावर होतं. मोठ्या अक्षरांत. मीच लिहिलेलं.

"पोचलो का गं?" आजींनी काचेतून विचारलं.

"निघतोय, आई."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. माझ्याकडे अजून सांगण्यासारखं खरं काहीच उरलं नव्हतं. जेवढं होतं तेवढं सांगून झालं होतं आणि त्याने काही अडलं नव्हतं. तेव्हा मी दारावर हात ठेवला आणि म्हणाले, "ते घर गेलं. मी घेतलं."

"काय?"

"मीच घेतलं. कालच मालकांशी बोलले. आज राहायला जातेय." जीभ अजिबात अडखळली नाही. "म्हणून माझी खोली रिकामी होतेय. ती तुम्ही घ्या. खूण आहे तिच्यावर. शेजारच्या बाई दिवसभर दारात असतात."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. मग दोरीचं टोक तिने सावकाश मुठीभोवती गुंडाळलं.

"अच्छा," ती म्हणाली. "म्हणून भुताची गोष्ट. चांगलं घर दिसलं की आधी स्वतःला… शेवटी तुम्हीही त्यातल्याच निघालात."

मी मान खाली घातली. तिला तसं वाटू देणं भाग होतं. वेगळं वाटलं असतं तर ती गेलीच असती तिकडे.

गाडी माझ्या दाराशी लागली. शेजारच्या बाई विणकाम घेऊन उठल्या आणि आजींना म्हणाल्या, "या, किती वाट बघायला लावलीत." त्या सगळ्यांनाच असं म्हणतात. आजी उशी घेऊन उतरल्या आणि त्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर जाऊन बसल्या, आणि त्या सकाळी त्यांनी पोचलो का म्हणून पुन्हा विचारलं नाही. मी माझे कपडे एका पिशवीत भरले. सिस्टरने मला निरोप दिला नाही.

कार्यालयात मावसभाऊ माझी वाटच बघत होता. "ताई, ही जाहिरात तू बदललीस?"

"मी कशाला बदलेन?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. वर लाल अक्षरांत "दिलं" असं आलं होतं. वेळ, सकाळचे आठ वाजून सहा मिनिटं. बाकी मजकूर तोच, पायरी, ऊन, थेंब, कडी. फक्त शेवटाआधीची ओळ बदलली होती.

आतल्या खोलीत दोघी असतात.

"हे काय आहे?" तो म्हणाला. "उडवू का?"

"उडवली तर परत येईल. मालकांनी करून पाहिलंय." मी खोलीत येरझाऱ्या घालत होते, खालची यंत्रं चालू होती आणि जमीन पायाखाली बारीक थरथरत होती. "आणि मग कोणीतरी वाचेल. सिस्टरसारखंच कोणीतरी, दोनदा पोळलेलं. एवढं खरं लिहिलेलं बघून हुरळून जाईल. माझ्यासारखं."

"मग?"

"खूण कर. खूण असलेलं घर दिलं की पत्ता बंद. मी 'सोडलं' म्हणेपर्यंत कोणी तिथे जाणार नाही. आणि मी ते कधीच म्हणणार नाही."

त्याने चहाचा कप बाजूला सारला. "ताई, तू तिथे राहणार आहेस?"

"नाही."

"मग ही ओळ खोटी आहे. आणि एक ओळ खोटी असली की खूण नाही. तुझाच नियम."

मी थांबले. कालपासून पहिल्यांदा माझे पाय एका जागी थांबले. खिडकीबाहेर साधी सकाळ होती, समोरच्या गच्चीवर कोणी कपडे झटकत होतं. मला वाटलं होतं मी घाबरेन. तसं झालं नाही. एखादं काम कोणीतरी करायचंच असतं आणि बाकी सगळे उठून गेलेले असतात, तसं काहीसं वाटलं. माझ्या कपड्यांची पिशवी दाराशी भरलेली होतीच.

"दुसरी तपासणी करून घेऊ," मी म्हणाले. "वाच तू."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. वाचू लागला. दुसरा मजला, दोन खोल्या. खरं. सातवी पायरी. खरं. ऊन. खरं. अकरा थेंब. खरं. कडी, माप, वीज. प्रत्येक ओळीला मी उत्तर दिलं, आणि प्रत्येक ओळीला त्याचा आवाज जरा जरा खाली गेला.

"आतल्या खोलीत… दोघी असतात."

"खरं," मी म्हणाले.

त्याने मान वर केली नाही. खुणेच्या चौकोनावर बोट ठेवून तो अगदी हळू म्हणाला, "एकदाच म्हण ना, ताई. दोनदा काय म्हणतेस?"